न आलेल्यांची निवडणूक

अमेरिकेत राष्ट्रीय निवडणुकीचे मतदान मंगळवारी होते. नोव्हेंबरमधला पहिला सोमवार उलटल्यावर येणारा मंगळवार, असा कायदा तिथल्या काँग्रेसने १८४५ साली केला आणि तो आजही लागू आहे. त्या काळच्या शेतकरी देशात या वाराला अर्थ होता. रविवार देवाचा, त्या दिवशी प्रवासही वर्ज्य. सोमवारी घोडागाडी जुंपून काउंटीच्या मुख्य गावाला निघायचे, मंगळवारी मत द्यायचे आणि बुधवारच्या बाजाराच्या आत मोकळे व्हायचे. आज शेतीवर जगणारी माणसे मूठभर उरली आहेत, पण वार तोच आहे. देशभराची सुट्टी त्या दिवशी नसते. गोदामात पाळीने काम करणारा, इस्पितळात फरशी पुसणारी, दोन ठिकाणी नोकरी करणारी आई, यांना मत द्यायचे तर तासांचा पगार सोडावा लागतो, नाहीतर पहाटे किंवा रात्री रांगेत उभे राहावे लागते. अनेक राज्यांनी आता टपालाने किंवा आधीच्या दिवसांत मत देण्याची सोय केली आहे. मात्र ती सोय कुणाला किती मिळावी, यावरच गेली वीस-पंचवीस वर्षे विधिमंडळांत आणि न्यायालयांत लढाई चालू आहे.

हे पुस्तक त्या देशातल्या तीन गोष्टींविषयी आहे: मतदाराची उदासीनता, श्रद्धा आणि पूर्वग्रह. मराठीत अमेरिकेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रवासवर्णने आहेत, स्थायिक झालेल्यांच्या आठवणी आहेत, अध्यक्षांची चरित्रे आहेत. पण मतदानाला न जाणारा अमेरिकन आपल्याला फारसा भेटत नाही. वर्तमानपत्रांच्या स्तंभांत तो येतो तेव्हा सुखवस्तू आणि बेफिकीर माणूस म्हणून येतो. पोट भरलेले आहे, मग मत कशाला द्या, असा त्याचा स्वभाव आपण गृहीत धरतो. माझे म्हणणे याच्या उलट आहे. तिथे घरी राहणाऱ्यांत गरीब, तरुण आणि कमी शिकलेली माणसे जास्त असतात. पोट भरलेला माणूस तर नेमाने मत देतो. आणि ज्यांना आपण तीन वेगळे विषय समजतो ते माझ्या मते एकच आहेत. पूर्वग्रहाने माणसांना मतपेटीपासून दूर ठेवले, दूर राहण्याची सवय पुढे उदासीनता म्हणून ओळखली जाऊ लागली आणि मोकळ्या पडलेल्या त्या जागेत संघटित श्रद्धेचे वजन वाढत गेले.

अमेरिकन माणूस जन्माने उदासीन नाही, याला आकड्यांचा पुरावा आहे. १८७६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत पात्र मतदारांपैकी ८० टक्क्यांहून अधिक लोकांनी मत दिले. १८९६ लाही प्रमाण ८० च्या आसपास होते. मशालींच्या मिरवणुका निघत, गावोगाव बँड वाजत, निवडणूक म्हणजे जत्रा असे. स्त्रियांना तेव्हा बहुतेक ठिकाणी मताधिकार नव्हता हे विसरता येत नाही, पण ज्यांना होता ते तो बजावत होते. १९२० च्या दशकात हेच प्रमाण निम्म्यावर आले. स्त्रियांना नुकताच हक्क मिळाला होता आणि अनेक जणी पहिल्यांदा मत देण्यापूर्वी बिचकत होत्या, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. त्याहून मोठे कारण मधल्या तीस वर्षांत दक्षिणेत घडले होते.

यादवी युद्धानंतर कृष्णवर्णीय पुरुषांना १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने मताचा हक्क मिळाला. वर्णावरून तो नाकारता येणार नाही, असे तिथे स्पष्ट लिहिले होते. तेव्हा दक्षिणेतल्या राज्यकर्त्यांनी वर्णाचा उल्लेखच न करता तो काढून घेतला. सुरुवात मिसिसिपीने केली. १८९० च्या नव्या राज्यघटनेत तिने मतासाठी डोईपट्टी लावली आणि घटनेचे कलम वाचून किंवा ऐकून त्याचा अर्थ सांगण्याची अट घातली. अर्थ बरोबर की चूक हे ठरवणार नोंदणी कारकून, आणि तो गोरा. लुइझियानाने १८९८ मध्ये पुढचे पाऊल टाकले. ज्याचा बाप किंवा आजा १८६७ च्या आरंभी मतदार होता त्याला परीक्षा माफ केली. गुलामाचा नातू या सवलतीत बसणे शक्यच नव्हते. त्या एका राज्यात १८९६ मध्ये १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते, १९०४ मध्ये १,३४२ उरले.

हे आकडे बहुतेक ग्रंथांत सापडतात. त्यांच्यामागे दडलेली दुसरी गोष्ट मला तितकीच महत्त्वाची वाटते. हीच डोईपट्टी गरीब गोऱ्यांनाही परवडणारी नव्हती. डेमोक्रॅटिक या एकाच पक्षाची सत्ता पक्की झाल्यावर खरी निवडणूक त्या पक्षाच्या उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीतच उरकू लागली आणि नोव्हेंबरचे मतदान उपचार होऊन बसले. १९२४ मध्ये साउथ कॅरोलायनाची लोकसंख्या सोळा लाखांच्या वर होती. तिथे अध्यक्षपदासाठी मते पडली जेमतेम पन्नास हजार. शेजाऱ्याचा हक्क हिरावण्यासाठी बांधलेल्या कुंपणाने गोऱ्या कुळालाही बाहेर ठेवले, आणि त्याला त्याची खंत वाटू नये म्हणून गोरेपणाचा अभिमान दिला गेला. लोक राजकारणात रस का घेत नाहीत, हा प्रश्न दक्षिणेच्या बाबतीत विचारायचा तर आधी हे कुंपण पाहावे लागते.

फॅनी लू हेमर यांच्यासाठी या पुस्तकात एक संपूर्ण प्रकरण आहे. इथे थोडे सांगतो, कारण त्यांच्याशिवाय विषयाला तोंडच फुटत नाही. अर्धेलीने कापूस पिकवणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबातले हे विसावे अपत्य. शाळा सहावीपर्यंत. मिसिसिपीतल्या रुलव्हिल गावाजवळच्या मळ्यावर त्या अठरा वर्षे राबल्या. १९६२ च्या ऑगस्टमध्ये गावातल्या चर्चमध्ये सभा झाली आणि तिथे, वयाच्या ४४ व्या वर्षी, आपल्यासारख्यांना मत देता येते हे त्यांना पहिल्यांदा कळले. त्यांच्या अज्ञानाला उदासीनता म्हणता येईल का? हक्क आहे हेच चाळीस वर्षे कानावर येऊ दिले नाही, तर आस्था कशाविषयी वाटणार?

त्या महिन्याच्या अखेरीस सतरा जणांबरोबर बसने त्या इंडियानोला या काउंटीच्या गावी नोंदणीला गेल्या. कारकुनाने राज्यघटनेतले कायद्याच्या परिभाषेचे कलम पुढे ठेवून अर्थ विचारला. त्या नापास झाल्या. परतताना पोलिसांनी बस अडवली आणि चालकाला दंड केला. बसचा पिवळा रंग शाळेच्या बससारखा दिसतो, हा गुन्हा. आत बसलेली माणसे घाबरली होती आणि हेमर भजने म्हणू लागल्या. घरी पोचल्या तर मळ्याचा मालक दारात. अर्ज मागे घे, नाहीतर जागा सोड. त्या त्याच रात्री बाहेर पडल्या. पुढे परीक्षा पास झाल्यावर समजले की डोईपट्टी भरल्याच्या पावत्याही लागतात. १९६३ मध्ये वायनोना गावच्या तुरुंगात त्यांना इतके मारले की ती दुखणी जन्मभर राहिली. २२ ऑगस्ट १९६४ रोजी अटलांटिक सिटीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या समितीपुढे त्यांनी हे सारे सांगितले. अध्यक्ष जॉन्सन यांनी ऐनवेळी पत्रकार परिषद बोलावून कॅमेरे आपल्याकडे वळवले, तरी संध्याकाळच्या बातम्यांत ती साक्ष देशभर पोचली.

पुढचा इतिहास अधिक परिचित आहे. ७ मार्च १९६५ ला सेल्मा गावच्या पुलावर मताधिकारासाठी निघालेल्या निःशस्त्र मोर्चावर लाठ्या आणि अश्रुधूर चालला. ६ ऑगस्टला मताधिकार कायद्यावर सही झाली. मिसिसिपीत १९६४ मध्ये पात्र कृष्णवर्णीयांपैकी सहा-सात टक्के मतदार यादीत होते. तीन वर्षांत ते जवळपास साठ टक्के झाले. माणसे तीच, गावे तीच, वृत्तीही तीच. बदलला होता फक्त कायदा, आणि तो अमलात आणायला आलेले केंद्राचे अधिकारी. उदासीनतेविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाने हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत असे मला कळकळीने वाटते.

या लढ्याची ठाणी चर्च होती. सेल्माचा मोर्चा ब्राउन चॅपल या चर्चमधून निघाला. सभा चर्चमध्ये, वर्गणी चर्चमध्ये, जखमींना आणायचे तेही चर्चमध्येच. म्हणूनच १५ सप्टेंबर १९६३ ला बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्ब ठेवला गेला आणि चार मुली मेल्या. आणि बॉम्ब ठेवणाऱ्या कू क्लक्स क्लान या वर्णद्वेषी संघटनेच्या माणसांचे प्रतीक होते जळता क्रूस. दोन्हीकडे बायबल होते. श्रद्धेने अमेरिकन राजकारण उदार केले की संकुचित, याचे एका शब्दात उत्तर मागणाऱ्यांना मी हेच सांगेन, की त्या दशकात एकच ग्रंथ हाती धरून माणसे मार खात होती आणि मारतही होती.

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या सहाव्या कलमात कोणत्याही सरकारी पदासाठी धर्माची परीक्षा घेतली जाणार नाही असे १७८७ पासून लिहिलेले आहे. मतदाराच्या मनातली परीक्षा मात्र कोणत्याही कलमाने रद्द होत नाही. १९२८ मध्ये न्यूयॉर्कचे गव्हर्नर अल स्मिथ डेमोक्रॅटिक उमेदवार झाले. मोठ्या पक्षाने उभा केलेला हा पहिला कॅथलिक. न्यूयॉर्कमधला हॉलंड बोगदा नुकताच खुला झाला होता. स्मिथ निवडून आले तर असाच बोगदा समुद्राखालून थेट पोपच्या दारापर्यंत नेतील, अशी कुजबुज पसरवण्यात आली. ओक्लाहोमात त्यांच्या गाडीच्या वाटेवर क्रूस पेटवले गेले. यादवी युद्धानंतर डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला असलेल्या दक्षिणेतील टेक्सास, फ्लोरिडा, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना, टेनेसी ही राज्ये त्यांनी गमावली. दारूबंदीला त्यांचा विरोध होता आणि देशात भरभराट होती, हीही कारणे खरी. तरी बोगद्याच्या कथेवर विश्वास ठेवणारे मतदार होते, हे नाकारता येत नाही.

बत्तीस वर्षांनी जॉन केनेडींना तीच परीक्षा द्यावी लागली. १२ सप्टेंबर १९६० ला ह्यूस्टनमध्ये प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांच्या सभेपुढे उभे राहून त्यांनी सांगितले की मी कॅथलिकांचा उमेदवार नाही, डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार आहे आणि कॅथलिकही आहे, इतकेच. ते जिंकले, पण देशभरच्या मतांतले अंतर सव्वा लाखाहूनही कमी होते. त्याच सुमारास मेरीलँड राज्यात रॉय टॉर्कासो या नास्तिक गृहस्थाला नोटरीचे साधे पद नाकारले जात होते, कारण देवावर श्रद्धा असल्याची शपथ घ्यायला ते तयार नव्हते. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. देव न मानणारा माणूस अध्यक्षपदाचा उमेदवार म्हणून लोकांपुढे येण्याचे धाडस मात्र आजही करत नाही. गॅलप या संस्थेच्या जनमत पाहण्यांत कॅथलिक, ज्यू, स्त्री, कृष्णवर्णीय यांना मत द्यायला तयार असलेल्यांचे प्रमाण दशकागणिक वाढत गेलेले दिसते. नास्तिकांचे स्थान त्या यादीत खालीच राहिले आहे.

यानंतरचे वळण आपल्याकडच्या वाचकाला सर्वांत कमी ठाऊक असते. जेरी फॉलवेल हे व्हर्जिनियातले बाप्टिस्ट धर्मोपदेशक. मार्च १९६५ मध्ये, सेल्माच्या धामधुमीत, त्यांनी प्रवचनातून सांगितले होते की धर्मोपदेशकाचे काम आत्मे तारण्याचे, राजकारणाचे नव्हे. चौदा वर्षांनी याच फॉलवेलनी मॉरल मेजॉरिटी ही संघटना उभारली आणि इव्हँजेलिकल ख्रिस्ती समाजाला राजकारणात उतरवले. मधल्या काळात काय घडले? १९७३ चा गर्भपाताचा निकाल, असे सर्वसाधारण उत्तर आहे. रँडल बामर या इतिहासकारांनी दुसऱ्या ठिणगीकडे बोट दाखवले आहे. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा एकत्र झाल्यावर गोऱ्यांनी दक्षिणेत खासगी ख्रिस्ती शाळा काढल्या आणि वर्णभेद करणाऱ्या अशा संस्थांची करमाफी सरकारने काढून घ्यायला सुरुवात केली. बॉब जोन्स विद्यापीठाचा खटला त्यातलाच. मला बामर यांचे म्हणणे पटते, पण गर्भपाताविषयी सामान्य श्रद्धाळूला वाटणारी तळमळ खोटी होती असा त्याचा अर्थ कुणी काढू नये. ती तळमळ खरी होती, आहे. नेत्यांना एकत्र आणणारे कारण आणि अनुयायांना घराबाहेर काढणारे कारण वेगळे असू शकते.

१९८० च्या ऑगस्टमध्ये डॅलस शहरात हजारो धर्मोपदेशक जमले. रोनाल्ड रेगनही आले. तिथे पॉल वायरिक या संघटकाने उघडपणे सांगितले की सर्वांनी मत द्यावे अशी माझी इच्छाच नाही, मतदार जितके कमी तितके आपले वजन जास्त. चित्रफीत आजही उपलब्ध आहे. गेल्या चाळीस वर्षांच्या अमेरिकन राजकारणाचा हिशेब या विधानात आला आहे. अध्यक्षपदाच्या दोन निवडणुकांच्या मधल्या वर्षी काँग्रेसची निवडणूक होते. २०१४ च्या अशा निवडणुकीत ३६-३७ टक्के मतदान झाले. पक्षांतर्गत प्राथमिक फेरीला त्याहून कितीतरी कमी लोक जातात, शाळा मंडळांच्या निवडणुकांना तर अगदी थोडे. अशा ठिकाणी दर रविवारी एकत्र जमणारा, एकमेकांना नावाने ओळखणारा, आठवण करून देणारा आणि म्हाताऱ्यांना गाडीतून नेणारा समुदाय निकाल ठरवतो. गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी साधारण पाचातल्या चौघांनी २०१६ पासून तिन्ही वेळा ट्रम्प यांना मत दिले. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून रविवारची प्रार्थना आटोपून बसने थेट मतदानाला जाण्याची प्रथा आहे, तिला 'सोल्स टु द पोल्स' म्हणतात. तंत्र तेच. श्रद्धाळू माणसे मत देतात याबद्दल तक्रार करणाऱ्यांशी मी सहमत नाही. ती आपले कर्तव्य करतात. तक्रार करायची तर बाकीच्यांची वाट अवघड करणाऱ्यांविषयी करावी.

ती वाट आजही अवघड आहे. आपल्याकडे मतदार यादीसाठी शिक्षक दारात येतात. तिथे अनेक राज्यांत नोंदणी ही नागरिकाचीच जबाबदारी, आणि घर बदलले की पुन्हा नवी खटपट. भाड्याच्या घरातून भाड्याच्या घरात जाणारा तरुण यादीतून गळतो तो असा. मग अध्यक्षाची प्रत्यक्ष निवड करणारे इलेक्टोरल कॉलेज. बहुतेक राज्यांत जिंकणाऱ्याला त्या राज्याची सगळी प्रतिनिधिमते मिळतात, म्हणून प्रचार सहा-सात राज्यांतच फिरतो आणि उरलेल्यांना आपले मत वाया गेल्यासारखे वाटते. २०१६ मध्ये नऊ कोटींहून अधिक पात्र लोकांनी मत दिले नाही. दोन्ही प्रमुख उमेदवारांपैकी कुणालाही इतकी मते मिळाली नव्हती. आणि २०१३ मध्ये शेल्बी काउंटी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६५ च्या कायद्याचा कणा असलेली, निवडणुकीचे नियम बदलण्याआधी केंद्राची पूर्वपरवानगी घेण्याची तरतूद निकामी केली.

या साऱ्याशी आपला काय संबंध, असे वाचक विचारील. संबंध शंभर वर्षांचा आहे. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड या पंजाबी गृहस्थाचा नागरिकत्वाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने नाकारला. ते पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. त्यांची बाजू मांडणारे वकील होते सखाराम गणेश पंडित. मी उच्च जातीचा आर्य आहे म्हणून गोरा आहे, असा युक्तिवाद त्या खटल्यात झाला. एका पूर्वग्रहाच्या तावडीतून सुटण्यासाठी दुसऱ्याचा आधार घेतला गेला आणि तो चालला नाही. याउलट, १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची माहिती मागवली. भारतीयांना नागरिकत्वाचा मार्ग त्याच वर्षी खुला झाला आणि १९५६ मध्ये दलीपसिंग सौंद कॅलिफोर्नियातून काँग्रेसवर निवडून आले. १९८७ मध्ये जर्सी सिटीत कपाळावरची टिकली हेरून भारतीयांवर हल्ले करणारी 'डॉटबस्टर्स' टोळी निघाली, ही आठवण तिथल्या मराठी घरांत अजून आहे. २०२२ मध्ये बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार डेट्रॉइटमधून निवडून आले. प्राथमिक फेरीत अनेक उमेदवार होते आणि ते तीस टक्क्यांच्या आतल्या मतांवर जिंकले. १९५५ नंतर प्रथमच त्या बहुसंख्य कृष्णवर्णीय शहराला काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. अभिमान वाटणाऱ्या मराठी वाचकाने डेट्रॉइटची ही बाजूही समजून घ्यावी. अमेरिकेतल्या भारतीय समाजात जातीचा प्रश्नही पोचला आहे: सिएटल शहराने २०२३ मध्ये जातिभेदाला बंदी केली, कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेल्या तशाच विधेयकावर गव्हर्नरांनी नकाराधिकार वापरला, आणि दोन्ही बाजूंना भारतीय नावे होती.

पुस्तकाचा शेवटचा भाग जॉर्जियाविषयी आहे. ५ जानेवारी २०२१ ला त्या राज्यातल्या सिनेटच्या दोन जागांची फेरनिवडणूक झाली. चव्वेचाळीस लाखांहून अधिक लोकांनी मत दिले. मार्टिन ल्यूथर किंग ज्या एबेनेझर चर्चचे धर्मोपदेशक होते, त्याच चर्चचे धर्मोपदेशक रॅफेल वॉरनॉक निवडून आले, त्यांच्याबरोबर जॉन ऑसॉफ हा ज्यू तरुण. १९१५ मध्ये याच राज्यात लिओ फ्रँक या ज्यू माणसाला जमावाने फासावर लटकवले होते. फेरनिवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी, ६ जानेवारीला, वॉशिंग्टनमध्ये कॅपिटॉलवर जमाव चालून गेला. त्यात क्रूस होते, येशूच्या नावाचे झेंडे होते आणि सिनेटच्या सभागृहात घुसलेल्यांनी प्रार्थनाही म्हटली. अडीच महिन्यांनी जॉर्जियाने नवा निवडणूक कायदा केला. फेरनिवडणुकीसाठीचा अवधी नऊ आठवड्यांवरून चार आठवड्यांवर आणला. मतदानकेंद्राच्या दीडशे फुटांच्या आत रांगेतल्या मतदाराला पाण्याची बाटली देणे हा गुन्हा ठरवला. डिसेंबर २०२२ मध्ये वॉरनॉक यांना पुन्हा फेरनिवडणुकीला सामोरे जावे लागले. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी मतदान घेता येईल की नाही हे न्यायालयातून ठरवून घ्यावे लागले. त्या शनिवारी केंद्रे उघडली, तासन्‌तासांच्या रांगा लागल्या आणि वॉरनॉक निवडून आले. त्या रांगेत कोण होते, त्यांना तिथपर्यंत कुणी आणले आणि जे आले नाहीत ते का आले नाहीत, याचा शोध पुढच्या प्रकरणांत घेतला आहे.